सानेसानच्या वहीतला एक

सुमेधाताई गेल्याचा निरोप त्यांचे पती श्रीकांत साने यांनी सकाळी सव्वानऊला पाठवला. दोनच ओळी होत्या. ‘सात वाजून दहा मिनिटांनी सुमेधा गेली. रविवारच्या गटाला तुम्ही कळवाल का, माझं जपानी आत्ता चालत नाहीये.’ मी तोक्योतल्या ओजिमाला आमच्या इमारतीखाली प्लास्टिकचा कचरा ठेवून वर येत होते. जिन्यातच थांबून योशिदासानना फोन लावला. योशिदासान अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. जवळच्या इचिकावा शहरात त्या परदेशी लोकांना विनामूल्य जपानी शिकवतात आणि चिबा प्रांताच्या आतल्या टेकड्यांमध्ये खारींची पाहणी करणाऱ्या एका हौशी गटाच्या त्या सर्वात जुन्या सदस्य. बातमी ऐकून त्या म्हणाल्या, “म्हणजे नोव्हेंबरच्या मोजणीच्या आधीच...” या बोलण्यात कोरडेपणा नव्हता. ती मोजणी सुमेधाताईंनी स्वतःवर घेतली होती आणि तिच्यावर ओढ्याकाठच्या अक्रोडांचा एक पट्टा राहणार की तुटणार, हे ठरायचे होते. ती वेळ सुमेधाताईंच्याच वहीमुळे आली होती. त्या जाऊन आता सात आठवडे होत आले. मोजणीही झाली आहे. म्हणून हे लिहिता येते.

सुमेधा साने मूळच्या वाईच्या. शिक्षण मराठी माध्यमातले, पुढे पुण्यात एका शाळेत त्यांनी अनेक वर्षे गणित शिकवले. नवऱ्याच्या कंपनीचे काम जपानमध्ये निघाले तेव्हा वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून त्या इचिकावाला आल्या. बरोबर शाळकरी मुलगी ईरा. करार तीन वर्षांचा होता, तो वाढत गेला. पहिले वर्षभर त्या स्टेशनजवळच्या बेकरीत पाव पिशव्यांत भरायचे अर्धवेळ काम करत. तिथल्या मॅनेजरने पहिल्या दिवशी त्यांना, नावापुढे आदराचे ‘सान’ लावून, ‘सानेसान’ अशी हाक मारली आणि त्यांना हसू आवरेना. घरी येऊन त्या श्रीकांतना म्हणाल्या, “इथे आपलं आडनाव नीट संपतच नाही रे. दारावरची घंटा वाजल्यासारखं वाटतं.” पुढे हे नाव मराठी मंडळींतही रूढ झाले. ओजिमाच्या एका दिवाळी फराळाला माझी त्यांची ओळख करून देणाऱ्यानेही “या सानेसान” असेच म्हटले होते. मी पुण्यात वृत्तपत्रात उपसंपादक होते हे कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, “शेकडेवारी काढताना तुमचे लोक इतक्या चुका का करतात?” उत्तराची वाट न बघता त्यांनी चकलीची बशी माझ्यापुढे सरकवली.

खारींकडे त्या एका शब्दामुळे गेल्या. योशिदासानच्या वर्गात जाऊ लागल्याला काही महिने झाले असतील. एके दिवशी योशिदासान म्हणाल्या, “रविवारी आमच्याबरोबर डोंगरात चला, आपण एबी फुराई शोधू.” सुमेधाताईंनी घरी येऊन ईराला विचारले. ईरा म्हणाली, “आई, एबी फुराई म्हणजे तळलेली कोळंबी. तू जाऊ नकोस, तुला वासही सहन होत नाही.” सुमेधाताई पक्क्या शाकाहारी. पण बाईंनी आपणहून बोलावले आहे, नाही कसे म्हणायचे, म्हणून त्यांनी आरशासमोर उभे राहून एक वाक्य पाठ केले: ‘मी खाणार नाही, पण इतरांनी खाल्लेले मला चालते.’ रविवारी त्या पोळी-भाजीचा डबा घेऊन गेल्या. दोन गाड्या बदलून आणि पुढे बसने टेकडीच्या पायथ्याशी पोचल्यावर त्यांनी हे वाक्य सगळ्या गटासमोर म्हटले. कोणालाच काही कळेना. मग योशिदासाननी खिशातून हातरुमाल काढून उलगडला. आत पाइनचे एक फळ होते. खारीने त्याचे खवले एकेक करून सोलून बिया खाल्ल्या होत्या, मधला दांडा आणि टोकाचे चार खवले तेवढे उरले होते. पिठात घोळून तळलेल्या, शेपूट बाहेर राहिलेल्या कोळंबीसारखे ते हुबेहूब दिसत होते. जपानमध्ये खारींच्या मागावर फिरणारे सगळेच त्याला ‘एबी फुराई’ म्हणतात. सुमेधाताई ही गोष्ट सांगत तेव्हा शेवटी न चुकता म्हणत, “आयुष्यात एवढी एकच कोळंबी मी हातात घेतली.”

या गटाचे काम बाहेरून पाहणाऱ्याला फार कंटाळवाणे वाटते. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर जी खार आहे ती युरोपातल्या तांबड्या खारीचीच जात. होन्शूवरची, म्हणजे तोक्यो आहे त्या मुख्य बेटावरची, तिची जवळची बहीण, फक्त जपानात सापडणारी. उन्हाळ्यात तांबूस, हिवाळ्यात करडी, पोट पांढरे. आपल्या खारीसारखे पट्टे तिच्या पाठीवर नाहीत आणि माणसांजवळ ती येत नाही. तोक्योच्या आसपास तिची राने तुकड्यातुकड्यांत उरली आहेत. त्यामुळे पाहणी करणारे खारी बघत नाहीत, जमीन बघतात. सोललेली पाइनची फळे, सांध्यावर फोडलेले अक्रोड. खार अक्रोड बरोबर मधल्या शिवणीवर फोडते, दोन स्वच्छ अर्धुके होतात. उंदीर कडेने भोक पाडतो. हा फरक ओळखायला शिकणे ही नव्या माणसाची पहिली परीक्षा. गटात डझनभर माणसे, बहुतेक निवृत्त. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नकाशावर आखलेल्या चौकटींत चालायचे, खुणा मोजायच्या, तक्त्यावर लिहायच्या. वर्षाअखेरी ते आकडे क्योतोतल्या एका विद्यापीठातल्या संशोधकाकडे आणि संबंधित नगरपालिकेकडे जातात. आकडे संगणकावर चढवायचे काम कोन्दोसान यांचे. ते पूर्वी रेल्वेच्या वेळापत्रक विभागात होते. मिनिटाची चूकही त्यांना खपत नसे, असे सगळे सांगत.

सुमेधाताईंकडे ओढ्याकाठचे रान आले. वर पाइन, खाली ओढ्यालगत अक्रोडांचा पट्टा आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मोठी टेकडी. पाइन बहुतेक रोगाने वाळले होते, ते काढावे लागणार हे सगळ्यांना मान्य होते. प्रश्न पट्ट्याचा होता. खार जमिनीवरून उघड्यावर जायला बिचकते. पट्टा तुटला तर या रानातल्या खारींचा टेकडीशी संबंध संपणार होता. नगरपालिकेला तिथे रस्ता रुंद करायचा होता. सात वर्षे सुमेधाताई ते रान चालल्या. मी त्यांच्याबरोबर तीन-चारदा गेले असेन. त्या पुढे, वाकून, हातात पेन्सिल. मध्येच थांबून म्हणायच्या, “अगं अनघा, पायाखाली बघ, आकाशात काय आहे?” मी आकाशात खार दिसते का ते बघत असे. त्या सात वर्षांत त्यांना प्रत्यक्ष खार दोनदाच दिसली, आणि दोन्ही वेळा त्यांनी ती तक्त्यात लिहिली नाही, कारण पाहणीची वेळ संपली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात पुण्यात त्यांच्या सासूबाई आजारी पडल्या आणि सुमेधाताईंना घाईने निघावे लागले. पाहणी झाली होती, पण तक्ता भरायचा राहिला होता. पुण्याहून त्यांनी आपल्या कच्च्या वहीच्या पानांचे फोटो कोन्दोसानना पाठवले. चौकटींची नावे वहीत जपानीतच होती, त्यामुळे त्यांना वाटले अडचण येणार नाही. पण आकडे त्यांनी रानात थंडीत, पटापट, जसे मनात मोजले तसे लिहिले होते. वाईच्या शाळेत शिकलेल्या माणसाच्या मनात आकडे कोणते येतात हे वेगळे सांगायला नको. वहीत होते: ०, १, १, २, ०, १. कोन्दोसाननी वाचले: 0, 9, 9, 2, 0, 9. शून्य आणि दोन जगात कुठेही ओळखू यावेत तसेच होते, म्हणून त्यांना शंकाही आली नाही. उलट सानेसानच्या नऊच्या आकड्याचे वळण फार सुबक आहे, असे ते पत्नीला म्हणाले होते. त्या आकड्यांवर गटाने नगरपालिकेला पत्र लिहिले: ओढ्याकाठी खारींचा भरपूर वावर आहे. नगरपालिकेने पट्ट्याची तोड पुढे ढकलली. गटाने आपल्या बैठकीच्या सभागृहात चहा-बिस्किटांचा छोटा समारंभ केला. सुमेधाताई पुण्याहून परतल्या तेव्हा तो होऊन गेला होता.

हे उघडकीला आले या जुलैत. त्या वर्षीच्या आकड्यांचा छापील अहवाल उशिराने घरी पोचला तेव्हा त्यांच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान होऊन दीड महिना झाला होता. मी त्या दिवशी भेटायला गेले होते. त्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, श्रीकांत स्वयंपाकघरात मऊ भात करत होते. त्या पाने चाळता चाळता थांबल्या.

“नऊ? अख्ख्या रानात नऊ झाडं धड नाहीत. नऊ कुठून आले?”

त्यांनी वही मागवली. मी ती कपाटातून काढून दिली. पान उघडून त्यांनी एकदा वहीकडे, एकदा अहवालाकडे पाहिले आणि मोठ्याने हसल्या. हसताना त्यांना दुखत होते, पण थांबता येईना. “अरे श्रीकांत, बाहेर ये. एकाचे नऊ झाले!” ते पळी हातात घेऊन आले. त्यांनी पाहिले आणि तेही हसले. मग सुमेधाताई वही मिटून म्हणाल्या, “हे नगरपालिकेला सांगायला हवं.” पट्टा कशामुळे राहिला हे त्यांच्या लक्षात आले होते.

पुढच्या तासाभरात आम्ही दोघांनी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला. श्रीकांत म्हणाले, “तू आधी बरी हो. झाडं उभी आहेत ना? मग कोणाचं काय अडलंय?” मी सुचवले की पुढच्या वर्षीच्या अहवालात शुद्धिपत्र द्यावे; तोवर काय व्हायचे ते होईल. सुमेधाताई माझ्याकडे वळल्या. “तुमच्या पेपरात दुरुस्ती कुठे येते गं? आतल्या पानावर, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. तशी नको मला.” श्रीकांतचा आवाज चढला. “खारींना फरक पडत नाही तुझा आकडा एक आहे की नऊ!” त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “नाही पडत. पण पुढच्या वेळी आपण नगरपालिकेला खरा आकडा नेला, तर तो त्यांनी खरा का मानायचा?” श्रीकांत पुन्हा भाताकडे गेले. थोड्या वेळाने आतूनच म्हणाले, “मी सोडायला येईन गाडीने. ट्रेनने जायचं नाही.”

गटाची बैठक ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाली. मी दुभाषी म्हणून बसले होते, पण फार काम पडले नाही. सुमेधाताईंनी फळ्यावर एक ते दहा आकडे देवनागरीत लिहिले आणि शेजारी नेहमीचे. खोलीत आधी कुजबुज, मग हसू पसरले. कोन्दोसान उठले आणि कमरेत वाकले ते बराच वेळ सरळ झाले नाहीत. चूक आपली, आपण विचारायला हवे होते, असे ते जमिनीकडे बघत म्हणत राहिले. सुमेधाताई म्हणाल्या, “कोन्दोसान, उठा. वही माझी आहे. मुलाने पेपरात वाचता न येणारं लिहिलं तर चूक तपासणाऱ्याची नसते.” गटातल्या एका सदस्याने मग तोच मुद्दा काढला जो आम्ही काढला होता. रान वाचले आहे, सांगून नुकसान रानाचेच. योशिदासानही त्याच मताच्या होत्या. “सानेसान, तुम्ही सात वर्षं त्या रानात चाललात. तुम्हालाच ते तुटायला हवंय का?” सुमेधाताईंना जपानीत एवढे मोठे उत्तर जमेना, म्हणून त्या मराठीत बोलल्या आणि मी सांगितले: “उत्तर आपल्याला हवं तसं आलं, म्हणून चुकीच्या रीतीला मार्क देता येत नाहीत. मी कधी दिले नाहीत.” मतदान झाले नाही. जपानी बैठकीत बहुधा होत नाही. योशिदासाननी कप गोळा करायला सुरुवात केली, याचा अर्थ सांगायचे ठरले.

नगरपालिकेत त्या स्वतः गेल्या. श्रीकांत गाडी चालवत होते, कोन्दोसान मागे अहवालाच्या प्रती मांडीवर घेऊन बसले होते. तिथला अधिकारी, मोरीसान, तिशीतला. त्याने सगळे ऐकून घेतले, वही पाहिली, फोटो काढू का विचारले. मग म्हणाला की तोड पुढे ढकलण्याचा आधारच आता राहत नाही. सुमेधाताई म्हणाल्या, “हो, तेच सांगायला आलेय.” तो थोडा वेळ कागद नीट लावत राहिला. शेवटी म्हणाला, नोव्हेंबरात आपल्यासमोर पुन्हा मोजणी करावी. पट्ट्यात, पाइनखाली नव्हे, पट्ट्यातच, या हंगामातली एक जरी निःसंशय खूण मिळाली तर पट्टा पुढच्या मोजणीपर्यंत राहील. नाही मिळाली तर एप्रिलमध्ये काम सुरू होईल. परत येताना गाडीत इचिकावाजवळ सुमेधाताई म्हणाल्या, “एक तर असेल.” मग लगेच, “नसली तर नसली.” हे श्रीकांतनी मला नंतर सांगितले.

त्यांना मी शेवटचे भेटले ऑक्टोबरच्या मध्यावर, रुग्णालयात. त्या नवा तक्ता तयार करण्याच्या मागे होत्या. ईरा शेजारी बसून लॅपटॉपवर जपानी मजकूर लिहीत होती. सुमेधाताई मराठीत सांगत, ईरा जपानीत विचारत, दोघींनाही ते विचित्र वाटत नव्हते. नियम असा होता: शोधणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगायचा, लिहिणाऱ्याने तो अंकात नव्हे, अक्षरात लिहायचा, आणि लिहिलेले पुन्हा वाचून दाखवायचे. ईरा म्हणाली, “आई, जपानी म्हातारे लोक रानात एकमेकांवर ओरडणार नाहीत.” “ओरडायचं कुठे? वाचायचं.” जाताना मी विचारले, मोजणीला कोण जाणार? “तू जा योशिदासानबरोबर,” त्या म्हणाल्या. “पण अनघा, जे नाही ते बघू नकोस.” त्यानंतर अकरा दिवसांनी त्या गेल्या.

मोजणीचा रविवार कोरडा आणि थंड होता. पट्ट्यात सहा चौकटी. शोधायला योशिदासान आणि मी, लिहायला कोन्दोसान, आणि बुटांवर प्लास्टिक चढवलेला मोरीसान. पहिल्या तीन चौकटींत काही नव्हते. दर वेळी योशिदासान “शून्य” म्हणत, कोन्दोसान लिहीत आणि वाचून दाखवत, आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा खाली जात होता. चौथ्या चौकटीत मला अक्रोडाचे स्वच्छ फोडलेले अर्धुक मिळाले. मी ते उचलून दाखवले. योशिदासाननी चष्मा वर करून पाहिले. आतल्या बाजूला शेवाळ होते, कडा काळ्या पडल्या होत्या. “मागच्या वर्षीचं,” त्या म्हणाल्या आणि ते जिथे होते तिथेच ठेवले. मोरीसानने मान वळवली. योशिदासान बोलल्या नसत्या तर जुने-नवे त्याला कळलेही नसते. पाचवी चौकट रिकामी.

सहाव्या चौकटीत, ओढ्याच्या अगदी कडेला, एका मुळाच्या खोबणीत मला अर्धुक दिसले. कडा फिकट, आत ओल. हातभर अंतरावर दुसरे. मी म्हटले, “दोन.” कोन्दोसानची पेन्सिल टेकली होती. योशिदासान म्हणाल्या, “थांबा.” त्या गुडघे टेकून बसल्या, हातमोजे काढले आणि दोन्ही अर्धुके एकमेकांवर ठेवली. ती बरोबर जुळली. मध्ये नखही जाईना. “अक्रोड एकच आहे,” त्या म्हणाल्या. कोन्दोसाननी एक आडवी रेघ ओढली, जपानी अक्षरात एक असाच लिहितात, आणि मोठ्याने वाचले. मोरीसानने आपल्या कागदावर तेच लिहिले. त्याला वाचून दाखवायचे माहीत नव्हते. योशिदासान त्याच्याकडे बघत राहिल्या तेव्हा त्यानेही वाचले.

नगरपालिकेचे पत्र आठवड्याभरात आले. पट्टा पुढच्या मोजणीपर्यंत राहील, वरचे पाइन जानेवारीत काढले जातील. मी श्रीकांतना फोन केला. त्यांनी विचारले, “किती मिळाले?” मी सांगितले, एक. “नक्की? नीट बघितलंत?” जोडून बघितले, असे मी म्हटले. “बरं,” ते म्हणाले. मग पाइन कोणत्या तारखेला काढणार हे त्यांनी विचारून लिहून घेतले.

तो अक्रोड आता सभागृहातल्या गटाच्या कपाटात, नमुन्यांच्या खणात आहे. पाकिटावर चिठ्ठी लावताना मी तिथे होते. चिठ्ठीवर चौकट, दिनांक, संख्या आणि शोधणाऱ्याचे नाव लिहायचे असते. योशिदासाननी पेन हातात घेऊन विचारले, नाव सानेसानचे घालू या का? मी लगेच हो म्हणणार होते. कोन्दोसाननी मान हलवली. “हा सानेसाननी शोधलेला नाही,” ते म्हणाले. योशिदासाननी माझ्याकडे वळून माझ्या नावाचे जपानी स्पेलिंग विचारले आणि तेच लिहिले. लिहून झाल्यावर वाचून दाखवले. सुमेधाताईंचे नाव त्या चिठ्ठीवर कुठेही नाही.